एका ‘च’चे ओझे

नीटचा पेपर ७२० गुणांचा. त्यात ६०० गुण मिळवूनही ‘मी वाया गेलो’ म्हणणारी मुले भंडारा, तुमसर, साकोलीतही भेटतात. डोकेदुखी, ॲसिडिटी, झोप न लागणे या तक्रारी घेऊन ती बाह्यरुग्ण विभागात येतात. तपासण्या बहुधा ठीक निघतात. मुळाशी असतो परिपूर्णतेचा हट्ट.

उत्तम काम करण्याची इच्छा चांगलीच. ‘पहिला नंबर आलाच पाहिजे, नाहीतर माझी किंमत शून्य’ हा विचार मात्र घातक. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. ती नेमके या ‘च’वर बोट ठेवते. गुण कृतीला द्यावेत, माणसाला देऊ नयेत. पेपर चुकला, हे खरे. म्हणून मी टाकाऊ, हे खरे नाही.

स्वतःला स्वीकारल्याने माणूस आळशी होत नाही. चूक लपवण्यात आणि काम लांबवण्यात जाणारी शक्ती वाचते. रोवणीनंतर धानाची काही रोपे मरतात. आपला शेतकरी त्यासाठी बांधी मोडत नाही; नांगे भरतो.

पालकांनी निकालाच्या दिवशी ‘किती कमी पडले?’ असे विचारू नये. ‘पुढे काय करावेसे वाटते?’ असे विचारावे. उदासी किंवा निद्रानाश दोन आठवडे टिकला, तर डॉक्टरांना भेटावे. स्वतःला इजा करण्याचा विचार आला, तर एक दिवसही थांबू नये. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास सुरू असतो. मराठीतही बोलता येते.