नाइलाज कुणाचा?

आमचा डॅक्सहुंड मागच्या पायांनी लुळा पडलाय. मुलगा म्हणतो, "बाबा, इंजेक्शन देऊन सोडवा त्याला." पटत नाही. बॅजरच्या बिळात शिरावा म्हणून माणसानेच ही जात आखूड पायांची केली. त्याच जनुकामुळे मणक्यातल्या चकत्या लवकर कडक होतात, सरकून मज्जारज्जू दाबतात. दुखणं आपण दिलं, मग सेवा कुणी करायची?

बोटं जोरात चिमटली की तो अजून कळवळतो, म्हणजे आशा आहे. दिवसातून तीन-चारदा मूत्राशय दाबून रिकामं करतो, कूस बदलतो. असह्य यातना असत्या तर गोष्ट वेगळी.

1993 साली सरदार सरोवराचं पाणी आमच्या मणिबेलीत शिरलं, तेव्हाही शहाणे 'नाइलाज' म्हणाले होते. नाइलाज नेहमी दुसऱ्याच्याच जिवाचा का असतो हो?