फटफटी, अमेरिकेतली

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसानं मोटरसायकल घेतली की देशातल्या नातेवाइकांचे सरळ दोन तट पडतात. पहिला काळजीवाल्यांचा. "अरे, चांगली गाडी आहे ना दारात? मग ही कसली अवदसा आठवली?" दुसरा हळहळवाल्यांचा. पोराची नोकरी गेली असावी पण सांगत नाहीये, असा ह्यांचा संशय. कारण आपल्याकडे शिडी ठरलेली आहे. आधी सायकल, मग लूना, मग स्कूटर नाहीतर हिरो होंडा आणि सरतेशेवटी चारचाकी. पीएच.डी. करून, संशोधनाच्या नोकरीत स्थिरावून माणूस त्या शिडीवरून खाली उतरतो म्हणजे काय! माझ्या एका मावशीनं तर फोनवर आवाज खाली आणून विचारलं, "पेट्रोल फार महाग झालंय का रे तिकडे?"

पेट्रोल वाचवायला मोटरसायकल घ्यावी तर ती ही नव्हे. माझी होंडा शॅडो साडेसातशे सीसीची, लिटरला वीस-एकवीस किलोमीटर देते. वडिलांची शंभर सीसीची हिरो होंडा त्याच्या तिप्पट जायची. शिवाय मी राहतो त्या पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबर ते मार्च बर्फ आणि तो वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ. ते पाच महिने ही बया गॅरेजमध्ये बॅटरीला चार्जर लावून झोपलेली असते. हिच्यावरून आठवड्याचा किराणा आणता येत नाही, मुलीला शाळेत सोडता येत नाही. वाहन म्हणून पाहिलं तर शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. तरीही माझं मत असं आहे की क्रूझर घेण्यासारखी वस्तू आहे. फक्त जाहिरातीत जे कारण सांगतात ते खोटं आहे, आणि खऱ्या कारणाची किंमत कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी क्रूझर म्हणजे काय ते. स्पोर्ट्स बाइकवर माणूस टाकीवर पालथा पडलेला असतो. क्रूझरवर तो आरामखुर्चीत बसल्यासारखा बसतो. सीट जमिनीपासून जेमतेम सव्वीस इंच, पाय पुढे, हॅंडल रुंद आणि स्वाराकडे वळलेलं, दोन चाकांतलं अंतर भरपूर. वजन पेट्रोलसकट अडीचशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या स्प्लेंडरच्या दुपटीहून जास्त. रिव्हर्स गिअर नाही. त्यामुळे उताराकडे तोंड करून पार्क केली तर मागे ढकलताना कुलदैवत आठवतं. वळणावर जास्त कलली तर पाय ठेवायचे दांडे रस्त्याला घासून ठिणग्या उडतात. पण एकदा का पाचव्या गिअरमध्ये पडली, की तेच वजन आणि तीच लांबी हिला अशी स्थिर ठेवते की गाडी नव्हे, रस्ताच मागे सरकतोय असं वाटावं.

आता इंजिन. इथे माझ्यातल्या इंजिनिअरला थोडं बोलू द्या, फार वेळ घेणार नाही. क्रूझरचं खास इंजिन म्हणजे व्ही-ट्विन: इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन सिलिंडर. मिलवॉकीमध्ये १९०३ साली सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसननं पहिलं व्ही-ट्विन १९०९ मध्ये काढलं. दोन सिलिंडरांमधला कोन ४५ अंश, आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड क्रॅंकच्या एकाच पिनवर. ह्या रचनेमुळे दोन्हींचे बार सारख्या अंतरानं उडत नाहीत. एकाचा उडाला की दुसऱ्याचा ३१५ अंशांनी, आणि मग पहिल्याचा पुन्हा ४०५ अंशांनी. ठेका लंगडा पडतो. अमेरिकन लोक त्या आवाजाला "पोटॅटो-पोटॅटो" म्हणतात. (मराठीत "बटाटा-बटाटा" म्हणून बघा, जास्त चांगलं जमतं!) हा आवाज आपला ट्रेडमार्क म्हणून नोंदवावा असा अर्ज हार्लेनं १९९४ मध्ये केला होता. इतर कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि सहा वर्षांनी, २००० मध्ये, हार्लेनं तो मागे घेतला.

ह्याहून मजेदार गोष्ट होंडाची. होंडाच्या इंजिनिअरांनी शॅडोच्या इंजिनात क्रॅंकपिना थोड्या सरकवून कंप जवळजवळ नाहीसा केला होता. सुंदर काम. पण गिऱ्हाईक म्हणालं, ह्यात मजा नाही, हिला धडधड नाही! मग १९९५ साली होंडानं अकराशे सीसीच्या शॅडोचं असं मॉडेल काढलं की ज्यात मुद्दाम एकच पिन ठेवली. ताकद कमी झाली, कंप वाढला आणि लोक खूश. माझा पीएच.डी.चा विषयच मुळी यंत्रातला कंप कमी करणं हा. आयुष्याची पाच वर्षं ज्याला मारण्यात घालवली, त्याच्यासाठी लोक पैसे मोजतात हे कळल्यावर काय वाटलं असेल, विचार करा. पण खरं सांगू? आता पटतं. यंत्र चालू आहे हे हाताला, पायाला, बुडाला कळण्यात काहीतरी आहे. मोटारीनं ते सगळं पुसून टाकलंय.

आणि इथेच ते खरं कारण आहे. क्रूझर तुमचं लक्ष मागते. सगळंच्या सगळं. मोटारीत बसून मी रेडिओ ऐकतो, फोनवर बोलतो, उद्याच्या मीटिंगचा विचार करतो आणि ऑफिसला पोचल्यावर मधले वीस मैल कुठे गेले ते आठवत नाही. फटफटीवर हे चालत नाही. वळणावर खडी आहे का? पावसानंतर रस्त्यावरचे पांढरे पट्टे निसरडे झालेत का? संध्याकाळ झाली, म्हणजे हरणं बाहेर पडली असतील. लॅंकेस्टरच्या बाजूला गेलात तर आमिश लोकांच्या घोडागाड्या, आणि घोडागाडी म्हटली की रस्त्यात लीदही आलीच! उत्तरेच्या डोंगरातून जाणाऱ्या रूट ६ वर एका दरीत शिरलं की हवा एकदम पाच-सहा अंशांनी थंड होते, पुढच्या वळणावर कापलेल्या गवताचा वास, त्यापुढे शेणखताचा. दोन तास डोक्यात दुसरं काही येत नाही. येऊच शकत नाही. आमच्या धंद्यात डोकं बंद करायची कळ नसते. रात्री दोनलाही समीकरणं चालू असतात. मला ती कळ ह्या दोन चाकांवर सापडली. कोणाला ती सतारीत सापडत असेल, कोणाला विपश्यनेत. आपापली आवड.

आणखी एक फायदा, तोही सांगतो. परक्या देशात मोटारीतून हिंडणाऱ्या माणसाशी कोणी बोलत नाही. ह्या गावात येऊन मला बरीच वर्षं झाली होती, पण पेट्रोल पंपावर अनोळखी माणूस आपणहून बोलायला आला तो मोटरसायकल घेतल्यावरच. "किती सीसीची? कुठून आलास? माझ्याकडेही होती एक, बायकोनं विकायला लावली." समोरून येणारा प्रत्येक स्वार डावा हात खाली करून दोन बोटं दाखवतो. हेल्मेटच्या आत कातडीचा रंग कोणता हे त्याला दिसतही नसतं.

आता किंमत. जाहिरातींत क्रूझर म्हणजे स्वातंत्र्य: मोकळा रस्ता, वाऱ्यावर उडणारे केस. उडणारे केस म्हणजे हेल्मेट नाही हे लक्षात घ्या. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये ६,३३५ मोटरसायकलस्वार मेले. नोंदलेल्या वाहनांत मोटरसायकली तीनेक टक्के, पण रस्त्यावरच्या मृत्यूंत १५ टक्के. दर मैलामागे हिशोब केला तर मोटारीतल्या माणसापेक्षा मरण्याची शक्यता जवळजवळ २८ पट. इथल्या दवाखान्यांत मोटरसायकलला "डोनरसायकल" म्हणतात, म्हणजे अवयवदात्यांचं वाहन. काळजीवाल्या नातेवाइकांचं म्हणणं चूक नाही, हे मी आकड्यांनिशी मान्य करतो.

पण आकड्यांच्या पोटात शिरलं की आणखी काही दिसतं. कॅलिफोर्नियातल्या हॅरी हर्ट ह्या संशोधकानं लॉस एंजलिस भागातले नऊशे अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी दोन तृतीयांश वेळा चूक त्या वाहनाची होती. नेहमीचा प्रकार म्हणजे समोरून येणारी मोटार डावीकडे वळते. (इथे उजवीकडून गाड्या चालतात, म्हणजे आपल्याकडचं उजवं वळण.) मोटारवाला मागाहून शपथेवर सांगतो, "मला दिसलाच नाही." आणि अपघातात सापडलेल्या स्वारांपैकी ९२ टक्के लोकांनी रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. मित्राकडून, भावाकडून, नाहीतर आपलं आपण शिकलेले. म्हणून मी आधी क्लास केला, मग गाडी घेतली. इथे राज्य सरकारचा कोर्स आहे, मी केला तेव्हा फुकट होता. भारतात कॉलेजची सगळी वर्षं मोटरसायकल चालवलेल्या मला तिथे समजलं की डावीकडे वळायला हॅंडलची डावी बाजू पुढे ढकलायची असते. आपण सगळे नकळत तेच करतो, पण घाबरलो की उलटं करतो.

हेल्मेटची कथा तर आपल्या ओळखीची आहे. १९६६ मध्ये केंद्र सरकारनं रस्त्यांच्या निधीची वेसण घातली आणि दहा वर्षांत जवळजवळ सगळ्या राज्यांत हेल्मेटसक्ती झाली. १९७६ मध्ये संसदेनं वेसण सैल केली, आणि राज्यांनी एकामागून एक कायदे मागे घेतले. आज पन्नासपैकी वीसपेक्षाही कमी राज्यांत सर्वांना सक्ती आहे. पेनसिल्व्हेनियानं २००३ मध्ये ती काढली: एकवीस वर्षं पूर्ण आणि दोन वर्षांचा अनुभव किंवा तो कोर्स, बस्स. २००६ च्या जूनमध्ये पिट्सबर्गच्या फुटबॉल संघाचा तारा बेन रॉथलिसबर्गर बिनहेल्मेटचा चालला होता आणि समोरची मोटार डावीकडे वळली. सात तास शस्त्रक्रिया चालली. वाचला, खेळलाही. पण कायदा होता तसाच राहिला.

पुणेकर वाचकांना आता गालातल्या गालात हसू येत असेल. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्ती आली तेव्हा मोर्चे निघाले, ते मी इथून वाचत होतो. कारणं वेगळी: मान दुखते, केस गळतात, गर्दीत वेग असतोच कुठे, काढल्यावर ठेवायचं कुठे. पण सूर तोच: माझं डोकं, माझी मर्जी. हा युक्तिवाद मला दोन्हीकडे पटत नाही. डोकं तुमचं असतं ते फुटेपर्यंत. त्यानंतर ते बायकोचं, आईबापांचं आणि सरकारी दवाखान्यातल्या थकलेल्या डॉक्टरचं असतं.

मात्र दोन्हीकडच्या स्वारांत एक मोठा फरक आहे, आणि तो विसरून मी उपदेश करणं बरं दिसणार नाही. भारतात २०२२ मध्ये दुचाकीवरचे सुमारे ७५ हजार लोक रस्त्यावर मेले. हेल्मेट नव्हतं अशा मृतांची संख्या पन्नास हजारांवर. ह्यातला बहुतेक माणूस हौसेनं दुचाकीवर बसलेला नव्हता. बस वेळेवर येत नाही, मोटार परवडत नाही, म्हणून बायको आणि दोन पोरं घेऊन तो निघाला होता. त्याला चांगला रस्ता, धड बस आणि परवडणारं दर्जेदार हेल्मेट देणं हे समाजाचं देणं आहे. मी? माझ्या दारात मोटार उभी आहे. मी हा धोका विकत घेतलाय, तोही शनिवारी सकाळी. त्यामुळे माझं कोणी देणं लागत नाही, उलट मीच घरच्यांचं लागतो. आमच्या घरात त्याचे नियम आहेत. कायदा म्हणो न म्हणो, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, जाड जाकीट, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत बूट, मग बाहेर जुलैचं ऊन का असेना. अंधार पडायच्या आत घरी. एक बिअरसुद्धा नाही. मुलगी मोठी होईपर्यंत मागच्या सीटवर नाही. आणि विमा भरपूर. हे नियम बायकोनं सांगितले आणि मी टाइप केले. "एवढं सगळं पाळायचं तर कसलं आलंय स्वातंत्र्य?" असं एका मित्रानं विचारलं. बरोबर आहे. स्वातंत्र्य नाहीच ते. ते लक्ष देणं आहे, आणि लक्ष गाडी बाहेर काढण्याआधीपासून द्यावं लागतं.

आता तिकडेही झकास क्रूझर मिळतात आणि पुतणे-भाचे मला विचारतात, "काका, घेऊ का?" गावातल्या गर्दीत चालवायला घेणार असाल तर नको. इतकी लांब, जड, मांड्या भाजणारी गाडी लक्ष्मी रोडवर नेणं म्हणजे बोळात हत्ती. रविवारी पहाटे कोकणात उतरायला हवी असेल तर जरूर घ्या. पण दुकानात जाल तेव्हा पहिलं बिल हेल्मेटचं करा, दुसरं जाकिटाचं. त्यानंतर खिशात उरतील तेवढ्या पैशांत येईल ती गाडी घ्या. सीसी थोडे कमी आले तरी बटाटा-बटाटा तेवढाच छान वाजतो.