जुनी बस, नवे काम आणि विम्याचे गाऱ्हाणे

सभासद बंधू-भगिनींनो,

कर्जत म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नगरकडचे कर्जत येते. हा मजकूर मात्र घाटाखालच्या, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरचा आहे. तो भाताचा मुलूख. प्रस्तुत लेखकाची शेती आणि शेअर्स घाटावर आहेत, आणि पोटापाण्याचा धंदा, म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान, खोपोलीत आहे. त्या गल्ल्यावर बसून जे वर्षानुवर्षे कानावर येते, ते आपल्या अंकात मांडावे असे वाटले. कारण दुखणे घाटाखालचे असले तरी औषध सहकाराच्या कपाटात आहे, असे आमचे मत आहे.

खोपोली-खालापूर भागात कारखाने पुष्कळ. कामगारांची ने-आण करणाऱ्या बसगाड्याही पुष्कळ. दहा-बारा वर्षे झाली की त्या गाड्या विकायला निघतात. इंजिन चालू असते, चासी शाबूत असते, किंमत आवाक्यात असते. मग एखादी शिक्षणसंस्था, एखादे मंडळ ती घेते आणि तिला नवे काम देते. कोणी फिरते ग्रंथालय करतो, कोणी फिरता दवाखाना, कोणी उपाहारगृह. जुन्या वस्तूला दुसरा जन्म द्यायचा ही आपली शेतकऱ्याची जातच आहे. सरकारही तेच करते. एस.टी. महामंडळाने मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, जुन्या बसेसची आसने काढून त्यांचे मालवाहू ट्रक केले. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसेसची महिलांसाठी स्वच्छतागृहे झाली. तेव्हा कल्पना वाईट नाही. घोडे पेंड खाते ते विम्याच्या खिडकीवर.

एका मंडळाची हकीकत सांगतो. नाव देत नाही, कारण अशी मंडळे अनेक आहेत. त्यांनी ४२ आसनांची बस घेतली. आसने काढली, तपासणीचे टेबल बसवले, औषधांचे कपाट, पाण्याची टाकी, हात धुण्याचे बेसिन केले. माथेरानच्या डोंगराखालच्या ठाकूरवाड्या-कातकरीवाड्यांवर आठवड्यातून दोनदा डॉक्टर जाऊ लागले. पहिल्या वर्षी एजंटाने जुन्या कागदांवरच पॉलिसी काढून दिली. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला चार दिवस उशीर झाला, म्हणून कंपनीचा माणूस फोटो काढायला आला. फोटोत आसने नाहीत, आर.सी. बुकात ४२! कंपनी म्हणाली, आम्हाला जमणार नाही. दुसरी कंपनी म्हणाली, फक्त थर्ड पार्टी देऊ, पण हप्ता ४२ माणसांचा घेऊ. कारण प्रवासी बसचा थर्ड पार्टी हप्ता म्हणजे एक मूळ रक्कम अधिक दर आसनामागे ठरावीक रक्कम. जी माणसे गाडीत बसतच नाहीत, त्यांचा हप्ता भरा! तिसरीकडे सांगितले, आमच्या कॉम्प्युटरात असा वर्गच नाही. या धावपळीत जून उजाडला. वाड्यांवर ताप-जुलाबाची साथ पावसाळ्यातच असते, आणि नेमका त्याच पावसाळ्यात दवाखाना ताडपत्रीखाली उभा राहिला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ : थर्ड पार्टी विम्यावाचून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आणली तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिने कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड चार हजार. म्हणजे विमा सक्तीचा. परंतु तो देताना मात्र नाके मुरडायची. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, त्यातली गत!

आणि ‘असा वर्गच नाही’ हे म्हणणेही खरे नव्हे. केंद्र सरकारच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत वाहनांचे प्रकार दिले आहेत. त्यात फिरता दवाखाना, फिरते ग्रंथालय, फिरते उपाहारगृह ही नावे स्पष्ट आहेत. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकातही किरकोळ व विशेष वाहनांच्या वर्गात फिरते दवाखाने आणि फिरती दुकाने होती. तेव्हा कायद्याला हे नाव माहीत आहे, दरपत्रकाला माहीत होते. ठाऊक नाही ते फक्त खिडकीवर बसलेल्याला.

पण टाळी एका हाताने वाजत नाही. विमा कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. बसच्या पोटात पाण्याची टाकी, लोखंडी कपाटे, जनरेटर बसवला की वजन बदलते, तोल बदलतो, ब्रेकवरचा ताण बदलतो. सपाटीवर हे लक्षात येत नाही, बोरघाटात येते. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, शिंग्रोबाच्या देवळाजवळ, खासगी बस दरीत कोसळली. पुण्याकडून कार्यक्रम करून गोरेगावला परतणाऱ्या झांजपथकातली तेरा माणसे गेली, त्यांत पोरसवदा मुले होती. ती गाडी काही रूपांतरित नव्हती. पण घाटात गाडी गेली म्हणजे काय होते, आणि मागे राहिलेल्यांना भरपाईचा आधार किती लागतो, हे खोपोलीकरांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. थर्ड पार्टी विमा हा गाडीमालकाच्या सोयीचा कागद नव्हे. तो अनोळखी माणसाच्या विधवेचा आणि लेकरांचा हक्क आहे. म्हणून ‘विमा मिळत नाही, तर तशीच चालवू’ असे म्हणणाऱ्याशी आम्ही सहमत नाही.

कायद्यानेही बदलाला लगाम घातलेला आहे. कलम ५२ प्रमाणे आर.सी. बुकातली नोंद आणि कारखान्याने ठरवलेली रचना यांना सोडून बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच बजावले. मनाने सुटे भाग जोडून बदल केल्यास कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तेव्हा गाडी आधी वेल्डरकडे आणि मग आर.टी.ओ.कडे नेली, तर तो उलटा कारभार झाला.

आमचे म्हणणे एवढेच की, दोन प्रश्न वेगळे ठेवा. गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे की नाही, हा प्रश्न आर.टी.ओ.चा. त्यासाठी पासिंग आहे. व्यापारी गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. आर.टी.ओ.ने बदल मंजूर केला, आर.सी. बुकात चढवला, फिटनेसचा शिक्का दिला, की तो प्रश्न संपला. मग थर्ड पार्टी विमा नाकारण्याचे कारण काय? स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा द्यायचा की नाही, किती रकमेला द्यायचा, हे कंपनीने खुशाल ठरवावे. तो सौदा आहे. थर्ड पार्टी हा सौदा नव्हे, ती सरकारची सक्ती आहे. सक्ती जिथे आहे तिथे नकाराला जागा असता कामा नये.

हे दुखणे आजचे नाही. व्यापारी गाड्यांना थर्ड पार्टी विमा देण्यास कंपन्या टाळाटाळ करतात, म्हणून १ एप्रिल २००७ पासून सर्व कंपन्यांचा एक सामाईक निधी केला गेला. गाडी कोणीही विमाबद्ध करो, नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचे. तो २०१२ मध्ये बंद झाला, आणि नाकारलेल्या गाड्यांपुरता दुसरा निधी त्याच्या जागी आला. म्हणजे टाळाटाळ होते हे नियंत्रकांनीही मान्य केले होते.

आता सहकाराच्या कपाटातल्या औषधाकडे येऊ. १९३९ च्या जुन्या मोटार वाहन कायद्यात कलम १०८ होते. सार्वजनिक वाहनांच्या मालकांची सहकारी संस्था असेल आणि तिने ठरावीक निधी बाजूला ठेवला, तर राज्य सरकार तिला आपल्याच सभासदांच्या गाड्यांचा विमा उतरवण्याची परवानगी देऊ शकत असे. वाचकहो, पुन्हा वाचा. सहकारी संस्था, सभासदांच्या गाड्या, सभासदांचा निधी! हीच तर आपल्या कारखान्याची मांडणी. पुढे १९८८ चा कायदा आला, १ जुलै १९८९ पासून लागू झाला, आणि त्यात ही वाट राहिली नाही. विमा फक्त अधिकृत विमा कंपनीचाच चालेल असे ठरले. २००२ साली विमा कायद्यात सहकारी संस्थेला जागा झाली खरी, पण शंभर कोटींच्या भांडवलाची अट घालून. शंभर कोटींच्या दाराने वीस-पंचवीस बसवाल्यांची संस्था आत शिरणार कशी?

याउलट एस.टी. पाहा. राज्य परिवहन उपक्रम, नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्था आणि सरकारी गाड्या यांना कलम १४६ खाली सरकार विम्यातून सूट देऊ शकते. अट एकच, भरपाईसाठी स्वतःचा निधी हवा. मग जो विश्वास एस.टी.च्या निधीवर टाकता येतो, तो नोंदणीकृत, लेखापरीक्षण होणाऱ्या सहकारी संस्थांच्या एकत्र निधीवर का टाकता येऊ नये? निधीची अट कडक ठेवा, तपासणी ठेवा, मोठ्या जोखमीसाठी पुनर्विमा सक्तीचा करा. पण दार तरी उघडा.

कोणी म्हणेल, बसचे रडगाणे आम्हा ऊसवाल्यांना कशाला? बाबांनो, आपल्या घरचे बघा. शेतीच्या नावावर विमा असलेला ट्रॅक्टर हंगामात भाड्याने ऊस ओढतो. ट्रॉलीची नोंद वेगळी, विमा वेगळा, हे कित्येकांच्या गावीही नसते. ट्रॉलीची उंची परस्पर वाढवली जाते. अपघात झाला की कंपनी पहिला प्रश्न विचारते : कागदावर काय आहे आणि रस्त्यावर काय होते? बसवाल्याचा आणि आपला प्रश्न एकच आहे. लोखंड बदलले, कागद तसाच राहिला.

म्हणून, दार उघडेपर्यंत, ज्याला जुनी बस किंवा कोणतीही गाडी घेऊन तिचे रूप बदलायचे आहे, त्याने एवढे तरी करावे :

१. गाडी घेतल्यावर चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला मालकी बदलल्याचे लेखी कळवावे. थर्ड पार्टी विमा कायद्याने नव्या मालकाकडे येतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा आपोआप येत नाही.

२. नकाशा व वजनाचा तपशील घेऊन आधी आर.टी.ओ.कडे जावे. लेखी मंजुरी हाती आल्यावरच वेल्डरला हात लावू द्यावा, आणि काम झाल्यावर चौदा दिवसांत आर.सी. बुकात नोंद करून घ्यावी. आसनसंख्या कमी झाल्याची नोंद विसरू नये. हप्ता तिच्यावर ठरतो.

३. आत बसवलेल्या वस्तूंची यादी व किंमत पॉलिसीत वेगळी लिहून घ्यावी. नुसती ‘बस’ लिहिली, तर जळाल्यावर फक्त बसची, तीही घसारा वजा जाऊन, किंमत मिळेल. कपाटे, जनरेटर पाण्यात.

४. नूतनीकरण महिनाभर आधी सुरू करावे. मुदत टळली की पुन्हा पाहणी आली, आणि नव्वद दिवस टळले की नो क्लेम बोनसही गेला.

५. कंपनीने नकार दिला तर तो लेखी मागावा. तोंडी नकाराला पुरावा नसतो. लेखी नकार घेऊन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामक प्राधिकरणाकडे जावे. पॉलिसी वैयक्तिक नावावर असेल तर विमा लोकपालाचाही दरवाजा आहे.

आणि संचालक मंडळास नम्र सूचना अशी की, येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ठराव घ्यावा. त्यात तीन मागण्या असाव्यात. पहिली, दवाखाना, ग्रंथालय, शाळा अशा ठरावीक रूपांतरांचे नमुना नकाशे परिवहन खात्याने मंजूर करून प्रसिद्ध करावेत, म्हणजे प्रत्येक मंडळाला नव्याने हेलपाटे पडणार नाहीत. दुसरी, फिटनेस असलेल्या गाडीला थर्ड पार्टी विमा नाकारल्यास लेखी कारण देणे कंपनीवर बंधनकारक करावे. तिसरी, जुन्या कलम १०८ च्या धर्तीवर सहकारी विम्याची वाट पुन्हा खुली करावी. असा ठराव एका कारखान्याचा असला तर फाईलला लागेल. दहा कारखान्यांचा गेला तर कोणाला तरी तो वाचावा लागेल.

एकट्या माणसाला ज्या खिडकीवर कोणी विचारत नाही, तिथे दहा जणांनी मिळून जायचे. आपल्या वाडवडिलांनी ऊस आणि गूळ व्यापाऱ्याच्या काट्यावरून उचलून स्वतःच्या काट्यावर घातला, तो याच हिशेबाने. विम्याच्या काट्यालाही तोच हिशेब लागू आहे.

कळावे. जय सहकार!

आपला,
घाटाखालचा एक सभासद