गेटची चावी कुणाकडे?

जून महिना आला की आमच्या वसतिगृहाच्या ऑफिसात आई-वडिलांची गर्दी होते. ट्रंक, गादी, बादली आणि सोबत बावरलेली लेक. प्रत्येक आईचा पहिला प्रश्न ठरलेला, ''मॅडम, गेट किती वाजता बंद होतं?'' मराठवाड्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाची मी बरीच वर्षं रेक्टर आहे. ''रात्री नऊला कुलूप लागतं, ते सकाळी साडेसहाला उघडतं,'' हे उत्तर मी नेहमी अभिमानानंच दिलं. ते ऐकलं की आईचा जीव भांड्यात पडायचा. मधल्या वेळात ते गेट उघडायची वेळ आली तर काय, हे मात्र एकीनंही कधी विचारलं नाही. खरं तर मीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

21 मार्च 2024 ची सकाळ उजाडेपर्यंत.

सहा वाजून गेले होते. हिंगोली परिसरात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला आणि नांदेड, परभणीपर्यंत जमीन हलली. आमच्याकडे खिडक्यांची तावदानं वाजली, कॉट सरकल्यासारखी झाली. काही सेकंदांचाच खेळ! पण तीन मजल्यांवरच्या सव्वाशे मुली किंचाळत जिन्यावरून खाली धावल्या आणि लोखंडी जाळीच्या दारापाशी अडकल्या. कुलूप बाहेरून. चावी वॉचमनकाकांच्या खिशात आणि काका कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला. दुसरी चावी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, आणि ऑफिस गेटच्या पलीकडे! मीही मुलींबरोबर आतच. समोर मुलांचं वसतिगृह आहे. तिथली पोरं केव्हाच मैदानात येऊन उभी होती.

काका धावत आले तोवर पाच-सहा मिनिटं गेली. मागून येणाऱ्या रेट्यात पुढची एक पोर जाळीवर अशी दाबली गेली, की तिच्या गालावर जाळीचे वळ उमटले. थोड्या वेळानं दुसरा हलका धक्का बसला, तेव्हा आम्ही नुकत्याच मैदानात पोचलो होतो. कुणाला फार लागलं नाही. पण ते वळ माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाहीत.

आपल्या राज्याला हादरवणारे दोन मोठे भूकंप कधी झाले, ते आठवून बघा. 11 डिसेंबर 1967, कोयना, पहाटे चारनंतर. 30 सप्टेंबर 1993, किल्लारी, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं नुकती कुठे झोपली होती. दगडमातीच्या जड भिंतींखाली सुमारे 10 हजार जीव गेले. आणि 1993 पूर्वी तो भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडायचा! या दोन्ही वेळांना आमचं गेट कुलूपबंद असतं.

खरं सांगायचं तर त्या सकाळी मुलींनी लगेच धावायलाच नको होतं. आमच्यासारख्या आरसीसी इमारतीत जमीन हलत असताना टेबलाखाली शिरायचं, डोकं हातांनी झाकायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा. जिना आणि लिफ्टच्या वाटेला जायचं नाही. हादरे थांबले की मगच बाहेर, तेही मोकळ्या मैदानात. 26 जानेवारी 2001 ला गुजरातेत अंजार इथं प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली शाळकरी मुलं आणि शिक्षक अरुंद गल्लीत, दोन्ही बाजूंची घरं कोसळून गाडले गेले. घराबाहेर असणं पुरत नाही, डोक्यावर काही पडणार नाही अशी जागा लागते. आणि त्या जागेपर्यंत जायला आधी दार उघडावं लागतं.

मी संस्थेच्या मीटिंगमध्ये म्हटलं, चावी आत हवी. एक सदस्य म्हणाले, ''मग मुली रात्री पळून जातील, त्याचं काय?'' मी म्हटलं, ''सर, जिला पळायचंय ती कॉलेजला जाते म्हणून दिवसाढवळ्या जाईल. तेवढ्यासाठी सव्वाशे जणींना कोंडून ठेवायचं?'' सगळे हसले, पण ठराव झाला. आता गेटला आतून कुलूप असतं आणि चावी तिथंच काचेच्या पेटीत. पेटी उघडली की घंटा वाजते. कंपाउंडच्या फाटकावर काका असतातच. प्रत्येक मजल्यावर दोघींकडे हजेरीची यादी आहे. पायानं अधू असलेली एक मुलगी दुसऱ्या मजल्यावर राहायची, तिला तळमजल्यावर आणलं. कॉलेजातली पुस्तकांची कपाटं भिंतीला पक्की केली. प्रयोगशाळेतल्या ॲसिडच्या बाटल्या वरच्या फळीवरून खाली आल्या.

सहा महिन्यांतून एकदा आम्ही पहाटे सराव करतो. पहिल्या खेपेला मैदानात यायला 11 मिनिटं लागली. एक तर शेवटपर्यंत आलीच नाही. वर जाऊन बघते, तर बाई ओढणी शोधत होत्या! ''गाऊनवर कशी येऊ, मॅडम? समोर मुलं असतात ना!'' तिला काय रागवायचं? लहानपणापासून आपणच तिला तसं शिकवलंय. आता उशाशी ओढणी, टॉर्च आणि कॉटखाली चपला ठेवायच्या, हा नियमच केलाय. अंधारात फुटक्या काचांवर अनवाणी पाय पडू नये म्हणून चपला. ओढणी सापडली नाही तर तशीच ये, हेही बजावून ठेवलंय.

मैत्रिणींनो, लेकीला वसतिगृहात सोडायला जाल तेव्हा गेट किती वाजता बंद होतं, हे जरूर विचारा. त्याचबरोबर, पहाटे साडेतीनला ते आतून कोण उघडतं, तेही विचारा. समोरची बाई अडखळली तर रागावू नका, मीही अडखळलेच असते. फक्त चावीची जागा दाखवायला सांगा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग पावती फाडा.