हापसा मोडीत काढू नका

घरोघरी नळ आले म्हणून अनेक गावांनी हापशाकडे पाठ फिरवली आहे. हे महागात पडेल. वीज गेली, मोटार जळली की नळयोजना कोरडी पडते. हापशाला फक्त माणसाचा हात लागतो.

या यंत्राशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. ओतीव लोखंडाचे घरगुती धाटणीचे पंप गावभराच्या वापरात टिकेनात, तेव्हा जालना आणि सोलापूर येथे दणकट पोलादी पंप घडले. सोलापूरच्या पंपावरूनच १९७०च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि पुढे अनेक देशांत पोचला.

दट्ट्यावरचा वायसर झिजला की दांडा कितीही हापसा, पाणी चढत नाही. ‘मार्क टू’मध्ये एवढ्यासाठी सगळे पाइप उपसावे लागतात, त्याच्या सुधारित आवृत्तीत, ‘मार्क थ्री’मध्ये, दट्ट्या पाइपातूनच वर ओढता येतो. म्हणून नवा पंप बसवताना ‘मार्क थ्री’च घ्यावा. वायसर ग्रामपंचायतीत हाताशी असावेत. पाणी भरणाऱ्या महिलांनाच दुरुस्ती शिकवून त्या कामाचे मानधन द्यावे. उन्हाळ्याच्या तोंडावर टँकरची मागणी करण्याआधी प्रत्येक ग्रामसभेने आपले हापसे तपासावेत.