पन्नाशीतली पेटी आणि पन्नाशीतली गिटार

परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. या गोदाकाठी, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, शेतीचा वा नोकरीचा भार उतरवून भजनी मंडळात बसू लागलेला गृहस्थ कुणालाही विचित्र वाटत नाही. पन्नाशीनंतर त्याने पेटी शिकायला घेतली, साठीत पखवाजाचे बोल पाठ केले, तर घरच्यांना समाधानच वाटते. त्याच वयाच्या माणसाने खांद्याला इलेक्ट्रिक गिटार अडकवली की मात्र ‘म्हातारचळ’ हा शब्द ओठांवर तयार असतो. हा भेद संगीतातून आलेला नाही.

गिटार परकी, हा पहिला आक्षेप. पण पेटी तरी कुठली? हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबँ यांनी घेतले. मांडी घालून वाजवता येईल अशी हातभात्याची पेटी पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी घडवली. भारतीय संगीताला ती मानवत नाही, असे ठरवून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती सुमारे तीन दशके टिकली. (परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि हैदराबादचे नभोवाणी केंद्र निराळे होते, हा भाग वेगळा.) देवळांनी काही आकाशवाणीचा सल्ला घेतला नाही. पेटी तिथे बसली ती बसलीच, आणि आज तिला परकी म्हणणाराच वेड्यात निघेल.

वयाचा आक्षेप अधिक चिवट आहे. अभंगाला वय नसते, रॉकला मात्र जन्मतःच ते चिकटवले गेले. १९५०च्या दशकातल्या अमेरिकेत किशोरवयीन मुलांच्या खिशात प्रथमच खर्चाला पैसे आले आणि तबकड्या विकणाऱ्यांनी हे संगीत त्यांच्या हवाली केले. बंडखोरी म्हणजे तारुण्य, हे समीकरण बाजाराला सोयीचे होते. ते वाजवणारी मुले पुढे पन्नाशीची होतील, तेव्हा त्यांनी काय करायचे, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

मुंबईपुरते त्याचे एक उत्तर ‘इंडस क्रीड’च्या वाटचालीत सापडते. १९८४ साली गिटारवादक महेश तिनईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रॉक मशीन’ हा बँड सुरू केला. विलायती बँडची गाणी हुबेहूब वाजवणे हीच तेव्हा कर्तबगारी समजली जाई. उदय बेनेगल गायक म्हणून आले, स्वतःची गाणी रचली जाऊ लागली आणि १९८८ साली पहिला अल्बम निघाला. धोबीतलावाजवळचे रंगभवन हे त्या काळच्या रॉकचे हक्काचे खुले नाट्यगृह. १९९३ साली बँडने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले, १९९५ साली त्या नावाचा अल्बम आला आणि १९९७ साली बँड विसर्जित झाला. बेनेगल न्यूयॉर्कला गेले. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय बँडला तोवर बाजारात जागा उरली नव्हती. दूरचित्रवाणीवर हिंदी पॉप आणि चित्रपटगीते यांचे राज्य सुरू झाले होते.

तेरा वर्षांनी, २०१० साली, हा बँड पुन्हा उभा राहिला. संस्थापकांची चाळिशी केव्हाच मागे पडली होती. जुनी लोकप्रिय गाणी आळवून स्मरणरंजनावर गुजराण करणे सहज शक्य होते. श्रोत्यांची मागणीही बहुधा तीच असते. त्यांनी २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा नव्या गाण्यांचा अल्बम काढला. बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे पुढच्या पिढीतले. भजनी मंडळात आजोबांशेजारी नातू टाळ धरून बसतो, तशीच ही रचना. या पुनरागमनाचे मोल नव्या गाण्यांत आहे. ती नसती, तर तो केवळ स्नेहमेळावा ठरला असता.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडचे. २००७ साली वृद्धांच्या ‘द झिमर्स’ या समूहाने ‘माय जनरेशन’ हे ‘द हू’चे १९६५चे तारुण्यगीत गायले. मुख्य गायक आल्फ कारेटा नव्वदीचे होते. ध्वनिमुद्रण ॲबी रोडला झाले आणि गाणे ब्रिटनच्या पहिल्या तीस गाण्यांत पोचले. एकाकी वृद्धांकडे समाजाचे लक्ष वेधण्याचा हेतू चांगलाच होता. तरीही ऐकणाऱ्यांचे लक्ष सुरांपेक्षा सुरकुत्यांकडे होते, हे नाकारता येत नाही. उतारवयातल्या कलावंताचे ‘या वयातही!’ असे कौतुक करणे ही थट्टेचीच सभ्य आवृत्ती आहे. ‘इव्हॉल्व्ह’ ऐकताना वादकांचे वय आठवावे लागत नाही.

भजनी मंडळाशी ही तुलना एका ठिकाणी तुटते, तेही मान्य करायला हवे. भजनात सूर चुकला तरी विठ्ठल सांभाळून घेतो. तिकीट काढून आलेला श्रोता घेत नाही. शिवाय मंडळाला देऊळ असते. ढोलताशासारख्या आवाजाच्या ड्रमला आणि ॲम्प्लिफायरला तालमीची खोली लागते आणि शेजाऱ्यांची सहनशीलताही. ती तालुक्याच्या गावात दुर्मीळ, आणि मुंबईतही स्वस्त नाही. ‘इंडस क्रीड’ परतला, तोवर रंगभवनातला रॉकचा दणदणाट शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे थांबून बरीच वर्षे लोटली होती.