माणसांची पावणी

‘लिलाव’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, त्यांच्या ‘लेयलांव’वरून. पाव, बटाटा, काजू आणि पगार यांच्याबरोबर तोही आला आणि मराठी मुलखात असा मुरला की नाशिकच्या कांद्याच्या बाजारात आज त्याचं मूळ कुणी विचारत नाही. आपल्या गोव्यात त्याला स्वतःचा शब्द आहे, पावणी. देवळाच्या माडांची पावणी होते, कोमुनिदादीच्या शेतांची होते, मानशीतल्या मासळीची होते. माणसांची पावणीही या भूमीने पाहिलेली आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिन्शोटेन नावाचा एक डच माणूस जुन्या गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता, म्हणजे आमच्याच पेशातला. १५९६ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात रुआ दिरैतावरच्या रोज सकाळच्या लिलावाचं वर्णन आहे. अरबी घोडे, मसाले, गालिचे आणि त्याच गर्दीत गुलाम, बायका आणि पुरुष, तरुण आणि म्हातारे.

हे सगळं आठवायला निमित्त झालं क्रिकेटचं.

माझी सासुरवाडी निपाणीकडची. चोर्ला घाट चढून बेळगाव, तिथून महामार्गाने निपाणी, ही वाट मी गेली वीस वर्षं करतो आहे. गेल्या काही वर्षांत त्या भागातल्या तरुण पोरांना एका नव्या खेळाचं वेड लागलेलं दिसतं. आयपीएलचा लिलाव जवळ आला की ही पोरं आधीच आपला खोटा लिलाव भरवतात. कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये त्याच्या रीतसर स्पर्धा असतात, बक्षिसं असतात. घरोघरीही तेच. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दाचा लिलाव व्हायच्या आधी बेळगावात एका नातेवाइकांच्या माडीवर दहा पोरं दहा संघांची मालक होऊन बसली होती. प्रत्येकाकडे वहीवर लिहिलेले १२० कोटी. हातोडीच्या जागी लाटणं आणि मेजाच्या जागी उपडा पोळपाट. एकाने ऋषभ पंतला बावीस कोटींना घेतला तर दुसरा म्हणाला, स्वस्तात सुटला. आणि खरोखरच पुढे लखनौने पंतसाठी २७ कोटी मोजले! ज्याच्या सहीने पाचशे रुपयांचं बिलदेखील पास होत नाही, अशा माझ्यासारख्या माणसाला ते ऐकून घेरीच यायची.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर पोरं अभ्यास करतात. कुठला गोलंदाज शेवटच्या षटकांत किती धावा देतो, कुठल्या संघाला डावखुरा सलामीवीर हवा आहे, कुणाचं वय किती, दुखापत कुठली, सगळं तोंडपाठ. एवढ्या तयारीने बसली असती तर खात्याच्या परीक्षेत पहिल्या खेपेला पास झाली असती. पैसाही लागत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्यानंतर तर हा वहीवरचा लिलाव म्हणजे सालस करमणूकच म्हणायची. मग माझी तक्रार कसली?

माझी तक्रार खुर्चीची आहे. आम्ही लहानपणी क्रिकेट खेळायचो तेव्हा कुणी गावसकर व्हायचा, कुणी कपिल देव व्हायचा. आजच्या पोरांच्या या खेळात पंत कुणालाच व्हायचं नाही. सगळ्यांना पंतला विकत घेणारा व्हायचं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर मुंडकाराच्या पोरांनी भाटकार-भाटकार खेळायचं. १९७५ साली मुंडकार कायदा झाला, त्याआधी एकाच्या शब्दावर दुसऱ्याचं घर उभं राहायचं किंवा मोडायचं, हे आपल्या आजी-आजोबांनी भोगलं आहे. त्या खुर्चीत बसायची हौस इतक्या लवकर लागावी?

आणि निपाणीत तर हे मला अधिकच खटकतं. निपाणी हे तंबाखूचं गाव. माल व्यापाऱ्याच्या वखारीत गेला की भाव त्याने ठरवायचा, पैसे त्याच्या सवडीने द्यायचे, आणि पिकवणाऱ्याने हात जोडून उभं राहायचं, असा तिथला रिवाज होता. त्याविरुद्ध १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी रस्त्यावर उतरले. पुणे-बंगळूर महामार्गावर तीन आठवडे त्यांनी ठाण मांडलं, त्या जागेला आंदोलननगर असं नाव पडलं. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मेले. मागणी एवढीच होती की किंमत ठरवताना आम्हालाही विचारा. त्याच गावची नातवंडं आज पोळपाटावर लाटणं आपटून किमती ठरवतात, आणि ज्याची किंमत ठरते त्याला विचारायची पद्धतच त्या खेळात नाही!

सीमाभागाला याद्यांचाही अनुभव आहे. महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला. निपाणी, खानापूर धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, बेळगाव मात्र म्हैसूर राज्यातच ठेवावं, असं त्यात होतं. महाराष्ट्राने तो नाकारला, २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते अजून तिथेच आहे. तुलना फार ताणायची नाही, खेळ तो खेळच. पण दुसऱ्याने केलेल्या यादीत आपलं नाव कुठल्या रकान्यात पडलं हे वर्तमानपत्रातून कळण्यातली असहायता त्या भागातल्या मराठी घरांना नवी नाही. तिथल्या पोरांना तरी ‘घेतला’, ‘सोडला’, ‘विकला गेला’ ही क्रियापदं माणसाला लावताना क्षणभर अडखळायला व्हावं, एवढंच माझं म्हणणं.

‘अहो, पण हे खोटं खोटं असतं,’ असं माझा मेहुणा म्हणतो. खोटं खोटं राहिलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. वहीवरचा लिलाव आता गावच्या मैदानात उतरला आहे. निपाणी-बेळगावच्या खेड्यांत, आणि आपल्या पेडणे-डिचोलीतही, टेनिस बॉलच्या स्पर्धा ‘लिलाव पद्धतीने’ होतात. गावातली चार बरी माणसं संघमालक होतात, त्यांना ठराविक पॉइंट मिळतात, पोरं फी भरून नावं नोंदवतात आणि मंडपात माईकवर त्यांची बोली लागते. आईबाप, शेजारी, कधी ज्या मुलीशी लग्नाचं बोलणं चालू आहे तिचा भाऊ, सगळे ऐकायला असतात. माझ्या बायकोच्या भाच्याला अशाच एका लिलावात कुणी घेतलं नाही. डावखुरा फिरकी टाकायचा, बरा टाकायचा. त्या दिवसापासून गावात त्याचं नाव ‘अनसोल्ड’ पडलं. चहाच्या टपरीवर त्याला त्याच नावाने हाक मारतात. त्याने मैदानावर जायचं सोडलं.

जेद्दाच्या लिलावात पुकारायच्या यादीत पावणेसहाशेच्या आसपास नावं होती, विकली गेली १८२. उरलेल्यांत पृथ्वी शॉ होता, ज्याने २०१८ साली पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं होतं. तो निदान त्या धंद्यात आहे, पैसे कमावून बसला आहे. आमच्या भाच्याने काय कमावलं? उलट फी भरून स्वतःची नालस्ती विकत घेतली.

आता त्या ‘अभ्यासा’बद्दल. हे सगळं खेळाच्या ज्ञानासाठी आहे म्हणे. २००८ साली आयपीएल सुरू झालं तेव्हा एकोणीस वर्षांखालच्या मुलांसाठी लिलाव नव्हता, संघांनी पाळीपाळीने निवडायचं होतं. दिल्लीने आपल्याच गावचा विराट कोहली सोडून प्रदीप सांगवानला घेतलं आणि कोहली बंगळूरला गेला. त्याच मोसमात आपल्या गोव्याच्या स्वप्नील अस्नोडकरने राजस्थानकडून ९ सामन्यांत ३११ धावा केल्या आणि संघ विजेता झाला. मोसमाआधी कुठल्या चाहत्याच्या वहीत त्याचं नाव होतं? माणूस मैदानात उतरेपर्यंत कळत नाही, हेच तर खेळाचं मर्म. वहीतल्या पोरांना किमती कळतात. शेजारच्या गल्लीतला कोण चांगला खेळतो हे विचारलं तर मात्र माना खाली. बेळगावचा रोनित मोरे कर्नाटकाकडून रणजी खेळला. माडीवरच्या त्या दहा जणांपैकी किती जणांनी त्याला प्रत्यक्ष गोलंदाजी टाकताना पाहिलं होतं? मी विचारलं. एकानेही नाही.

आणि मालक म्हणजे काय चीज असते तेही बेळगावने पाहिलं आहे. कर्नाटक प्रीमियर लीगमध्ये बेळगाव पँथर्स नावाचा संघ होता, २०१७ साली त्याने स्पर्धाही जिंकली. २०१९ साली सट्टेबाजीच्या आरोपावरून संघमालकाला अटक झाली आणि लीगच बंद पडली. २०२२ साली महाराजा ट्रॉफी या नावाने सहा संघांची नवी स्पर्धा सुरू झाली, त्यात हुबळी आहे, शिवमोगा आहे, बेळगाव नाही. मालक गेला की संघ गेला. आपल्या गोव्याने हे फुटबॉलमध्ये पाहिलं नाही का? धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद आणलं. पण २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, आणि आपल्याकडे मैदानं तीच, पोरं तीच असून त्यांना वर जायची वाट अरुंद झाली.

याला पर्याय आपल्याच मातीत आहे. बेळगावचं आनंदवाडी घ्या, कोल्हापूरचं १९१२ चं खासबाग घ्या, नाहीतर एखाद्या खेड्यातलं यात्रेचं मैदान. कुस्तीत जोड लावतात. वस्ताद मंडळी वजन बघतात, वय बघतात, तयारी बघतात आणि तोलामोलाचा गडी शोधतात. जोड चुकली तर प्रेक्षक आरडाओरडा करून पंचांना हैराण करतात. म्हणजे चाहत्याचं ज्ञान तिथेही पणाला लागतं, महिनाभर आधीपासून पारावर वाद चालतात. पण प्रश्न असतो, कुणाशी कोण लढला तर कुस्ती रंगेल? इनामाची रक्कम पुकारतात ती पैलवानाच्या हातात पडते. हरलेला गडीसुद्धा अंगाला माती लावून घरी जातो, ‘अनसोल्ड’ होऊन जात नाही.

अमेरिकेचंही एक सांगतो, कारण हे खोट्या निवडीचं वेड तिथे फार जुनं आहे. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलचे संघ कॉलेजच्या खेळाडूंची दरसाल निवड करतात, आणि ती व्हायच्या कित्येक महिने आधीपासून चाहते आपापल्या याद्या करत बसतात. त्यांच्याही वह्या फसतात. टॉम ब्रेडीचा नंबर २००० साली १९९ वा लागला होता, आणि त्याने पुढे सात अजिंक्यपदं मिळवली. पण त्यांच्या पद्धतीत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, तिथे बोली नसते. गेल्या मोसमात जो संघ तळाला राहिला त्याला पहिला मान. दुबळ्याला आधी वाढायचं, हा संस्कार. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. ही निवड ८ फेब्रुवारी १९३६ रोजी प्रथम झाली, ९ संघांनी ८१ मुलं निवडली. सगळ्यांत पहिलं नाव पुकारलं गेलं शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वांगरचं. पैशांचं जमेना, तेव्हा तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही, रबराच्या कंपनीत नोकरीला लागला. तिथेही संघ निवडायचा हक्क खेळाडूला नाही, हे खरं. पण पहिल्या नंबरच्या पोराने ‘नको’ म्हणून त्या खेळाचा श्रीगणेशा झाला, हे चाहत्यांनी विसरू नये.

तेव्हा बेळगाव-निपाणीच्या आणि आपल्याकडच्याही तरुण मित्रांना माझं मागणं साधं आहे. वहीवर याद्या करा, खुशाल करा. पण कोटींचे आकडे काढून टाका आणि पाळीपाळीने निवडा, तळाचा संघ आधी. यादीत निदान पाच नावं अशी घाला ज्यांना तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी खेळताना पाहिलं आहे. मग आपोआप तुम्हाला ऑटोनगरच्या मैदानावर, शाळांच्या सामन्यांना, यात्रेच्या कबड्डीला जाऊन बसावं लागेल. आणि गावच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनो, माईकवरची बोली बंद करा. चार जाणती माणसं बसवून संघ समतोल पाडा, ज्याने फी भरली त्या प्रत्येकाला कुठल्या तरी संघात जागा द्या. एवढं करायला ना सरकारी मंजुरी लागते ना निविदा काढावी लागते, हे मी बावीस वर्षांच्या नोकरीनंतर खात्रीने सांगू शकतो.

माडांची पावणी करा, मानशीची करा. पोरांना मात्र त्या मंडपातून खाली उतरवा. आमचा भाचा अजून घरीच बसून आहे, आणि डावखुरा फिरकी टाकणारा चांगला गोलंदाज कुठल्याही गावाला परवडण्याइतका मुबलक मिळत नाही.